विश्लेषण : कळ दाबली कुणी? माणसाने की प्रोग्रॅमने?

वरूड-मोर्शीचा पट्टा संत्र्यासाठी ओळखला जातो. पण संत्रा बगीच्यातून निघून ट्रकमध्ये चढेपर्यंत त्याच्याभोवती किती टायपिंग होते, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. शेतकऱ्याचे नाव आधी अडत्याच्या वहीत लिहिले जाते, मग एक्सेलमध्ये, मग टॅलीत. तेच नाव सेतू किंवा सीएससी केंद्रात फळपीक विम्याच्या अर्जात, महाडीबीटीवर आणि फार्मर आयडीसाठी पुन्हा टाइप होते. नाव तेच, गट क्रमांक तोच, बँक खातेही तेच. तरी प्रत्येक ठिकाणी सुरुवात पहिल्या अक्षरापासून.

या कंटाळ्यावर एक उपाय बऱ्याच वर्षांपासून उपलब्ध आहे. एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा. तो एक्सेलमधली ओळ वाचतो आणि समोर उघडलेल्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जणू माणूसच कीबोर्डवर बसला आहे अशा पद्धतीने अक्षरे टाइप करतो. टॅब दाबतो, एंटर दाबतो, पुढच्या ओळीवर जातो. कीबोर्डला कुणी हातही लावलेला नसतो.

ही सोय आहे, जुगाड आहे की फसवणूक? माझ्या मते उत्तर प्रोग्रॅममध्ये नाही, तो कुठे वापरला यात आहे. त्यासाठी आधी हे चालते कसे ते पाहू.

कळ दाबल्यावर संगणकात नेमके काय होते?

कीबोर्डवरची कळ दाबली की थेट पडद्यावर अक्षर उमटत नाही. कीबोर्ड फक्त ‘अमुक क्रमांकाची कळ दाबली गेली’ एवढे कळवतो. ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक कार्यालयांत विंडोज, ती सूचना रांगेत घेते आणि त्या क्षणी जी खिडकी पुढे आहे तिला देते. वर्ड पुढे असेल तर वर्डला, टॅली पुढे असेल तर टॅलीला. ‘सोडली’ ही सूचना वेगळी जाते.

म्हणजे सॉफ्टवेअर बोट पाहत नाही, ते फक्त सूचना पाहते. तीच सूचना एखाद्या प्रोग्रॅमने रांगेत टाकली तर साधारण सॉफ्टवेअरला फरक कळत नाही. विंडोजमध्ये यासाठी ‘सेंडइनपुट’ नावाची अधिकृत सोय आहे. ही कुठली चोरवाट नाही. मायक्रोसॉफ्टनेच ठेवलेला दरवाजा आहे. अशी सूचना प्रोग्रॅमकडून आली असल्याची खूणही विंडोज सोबत ठेवते. एखाद्या सॉफ्टवेअरला ती खूण तपासता येते, पण बहुतेक जण तपासत नाहीत.

हे करण्याचे मार्ग कोणते?

मार्ग ढोबळमानाने तीन आहेत. पहिला आणि सर्वांत सोपा म्हणजे जी खिडकी पुढे असेल तिच्यात कळा ‘दाबणे’. एक्सेलच्या मॅक्रोमध्ये यासाठी ‘सेंडकीज’ ही एका ओळीची आज्ञा आहे. ‘ऑटोइट’ १९९९ पासून आणि ‘ऑटोहॉटकी’ २००३ पासून मोफत मिळते. पायथन येणाऱ्यांसाठी ‘पायऑटोजीयूआय’ आहे, लिनक्सवर ‘एक्सडूटूल’ आहे.

दुसरा मार्ग म्हणजे पुढे नसलेल्या एका ठरावीक खिडकीलाच संदेश पाठवणे. नोटपॅडसारख्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये हे चालते, गुंतागुंतीच्या सॉफ्टवेअरमध्ये अनेकदा नाही. तिसरा मार्ग म्हणजे ‘यूआय ऑटोमेशन’. यात प्रोग्रॅम पडद्यावरच्या रकान्याला नावाने शोधतो. ‘खातेदाराचे नाव’ हा रकाना कुठे आहे ते विचारतो आणि मजकूर त्यातच ठेवतो. कळा मोजत बसत नाही, म्हणून चुकण्याची शक्यता कमी.

मोठ्या कंपन्या याच तंत्राला ‘रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन’ म्हणतात आणि बँका, विमा कंपन्यांना विकतात. पडदा पाहून स्वतःच क्लिक आणि टाइप करणारे नवे एआय एजंटही शेवटी हेच करतात. फरक इतकाच की पुढची कळ कोणती हे आधी लिहून ठेवलेले नसते, ते एजंट ठरवतो.

मग अडचण कुठे येते?

प्रोग्रॅमला डोळे नसतात, हे विसरल्यावर येते. समजा, एका अडत दुकानात दिवसाच्या दोनशे पट्ट्या टॅलीत चढवायच्या आहेत. टॅलीत एफ-८ दाबले की विक्री, एफ-५ दाबले की पेमेंट, कंट्रोल-ए दाबले की नोंद पक्की. कळा ठरलेल्या असल्यामुळे हे काम प्रोग्रॅमला सोपे वाटते. पण मध्येच अँटिव्हायरसची चौकट उघडली किंवा कुणाचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश पुढे आला, तर पुढची अक्षरे तिकडे जातात. शेतकऱ्याच्या खात्याचा आकडा भलत्याच माणसाला पाठवला गेला, असेही होऊ शकते.

दुसरी अडचण वेळेची. सॉफ्टवेअर पुढचे पान उघडायला दोन सेकंद घेते आणि प्रोग्रॅम अर्ध्या सेकंदात टाइप करायला लागतो. पहिली काही अक्षरे हवेत जातात. ‘देशमुख’चे ‘मुख’ होते. एखादी चौकट जास्तीची आली तर सगळे एक रकाना पुढे सरकते. कॅरेटची संख्या भावाच्या रकान्यात जाते आणि भाव वजनाच्या. संगणक तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने आकडा तो आकडाच.

माणसाची चूक एका ओळीत होते. प्रोग्रॅमची चूक दोनशे ओळींत, एकाच साच्यात आणि आवाज न करता होते. धोका वेगाचा नाही, या गुपचूपपणाचा आहे.

तिसरी अडचण मुद्दाम ठेवलेली आहे. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, कमी अधिकाराने चाललेला प्रोग्रॅम जास्त अधिकाराने चाललेल्या सॉफ्टवेअरला कळा पाठवू शकत नाही. ‘काल चालत होते, आज काहीच होत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असते. ही भिंत हवीच. नाहीतर कुठलाही व्हायरस स्वतःच ‘होय, परवानगी आहे’ हे बटण दाबून मोकळा झाला असता.

मराठीत हा पेच वेगळा का?

कारण प्रोग्रॅम अक्षर नाही, कळ पाठवतो. कोणत्या कळेवर कोणते अक्षर आहे, हे त्या संगणकावर निवडलेल्या कळफलकावर ठरते. सरकारी मान्यतेच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘वरूड’ लिहायला बी, जे, टी आणि उघडत्या चौकोनी कंसाची कळ दाबावी लागते. भाषा मराठीवर असेल तर ‘वरूड’ उमटेल. चुकून इंग्रजीवर राहिली तर त्याच चार कळांतून बी-जे-टी आणि एक कंस असा अर्थहीन मजकूर अर्जात जाईल.

जुन्या फॉन्टमध्ये गोंधळ आणखी वाढतो. क्रुतीदेवमध्ये डीच्या कळेवर ‘क’ आहे आणि केच्या कळेवर काना. इन्स्क्रिप्टमध्ये नेमके उलटे: केवर ‘क’ आणि डीवर अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह. एकासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालवला की ‘का’चे भलतेच होते. शिवाय क्रुतीदेवमध्ये पडद्यावर दिसते ती मराठी, पण आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरेच. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की हे लगेच दिसते.

उपाय आहेत. सेंडइनपुटमध्ये कळ न पाठवता थेट युनिकोड अक्षर पाठवता येते. पायऑटोजीयूआयला देवनागरी टाइप करता येत नाही, म्हणून मजकूर कॉपी करून कंट्रोल-व्हीने चिकटवण्याची पद्धत आहे. पण कोणतीही युक्ती ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न सोडवत नाही. आपण बोलताना ‘वरुड’ म्हणा की ‘वरूड’, गाव एकच. संगणकासाठी ती दोन वेगळी गावे आहेत, कारण एकात जीची कळ आहे आणि दुसऱ्यात टीची. सातबाऱ्यावर मराठीत नाव, आधारवर इंग्रजी स्पेलिंग, बँकेत तिसरेच. असा आधीच गुंता असलेल्या ठिकाणी प्रोग्रॅम चुकीचे नाव अत्यंत प्रामाणिकपणे शंभर वेळा टाइप करून ठेवतो. आणि नाव जुळले नाही की पैसे अडतात ते शेतकऱ्याचे.

याचा गैरवापर झाल्याचे उदाहरण कोणते?

सर्वांत ठळक उदाहरण रेल्वेच्या तत्काळ तिकिटांचे. वातानुकूलित डब्यांचे तत्काळ आरक्षण सकाळी १० वाजता आणि इतर डब्यांचे ११ वाजता उघडते. ‘वरूड ऑरेंज सिटी’ स्थानकाच्या परिसरातला विद्यार्थी पुण्याला परत जाण्यासाठी मोबाइल घेऊन बसतो, तेव्हा तो नाव आणि वय टाइप करत असतानाच जागा संपलेल्या असतात. कारण त्याच सेकंदाला कुठेतरी एक प्रोग्रॅम सगळे रकाने एका झटक्यात भरत असतो.

डिसेंबर २०१७ मध्ये सीबीआयने अशाच सॉफ्टवेअरच्या प्रकरणात अटक केली, ती स्वतःच्याच एका असिस्टंट प्रोग्रॅमरला. तो पूर्वी आयआरसीटीसीत काम केलेला होता. जून २०२५ मध्ये रेल्वेनेच सांगितले की, तत्काळ उघडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या एकूण प्रयत्नांपैकी ५० टक्क्यांपर्यंत प्रयत्न बॉटचे असतात. अडीच कोटींहून अधिक संशयित यूजर आयडी बंद करण्यात आले. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार पडताळणी सक्तीची झाली, १५ जुलैपासून ओटीपी आला आणि एजंटांना पहिला अर्धा तास तत्काळ तिकीट काढायला मनाई झाली.

तंत्र टॅलीत नोंदी चढवणाऱ्या प्रोग्रॅमच्या जातकुळीतलेच. मग एक गुन्हा आणि दुसरे काम कसे? टॅलीत नोंद लवकर झाली म्हणून शेजारच्या अडत्याचे काही जात नाही. तत्काळमध्ये मात्र जागा मोजक्या आहेत आणि रांग सगळ्यांची आहे. तिथे प्रोग्रॅम वेळ वाचवत नाही, दुसऱ्याची पाळी घेतो. टायपिंगच्या परीक्षेलाही हाच नियम लागू होतो. राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टायपिंग परीक्षेत मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांचा वेग मोजला जातो. तो वेग बोटांचाच असायला हवा, नाहीतर प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही.

फसवणुकीला प्रोग्रॅमच लागतो का?

नाही, आणि हे लक्षात ठेवायला हवे. राज्यात खरीप २०२३ पासून एक रुपयात पीक विमा योजना सुरू झाली. अर्ज भरण्यासाठी सीएससी केंद्रांना विमा कंपनीकडून अर्जामागे ४० रुपये मिळत होते. पुढे बोगस अर्जांचे प्रकार बाहेर आले, अनेक केंद्रांवर कारवाई झाली आणि २०२५ च्या खरिपात एक रुपयाची योजना गुंडाळली गेली. बोगस अर्ज भरायला कुठले विशेष तंत्र लागत नाही. अर्जांच्या संख्येवर पैसे आणि तपासणी नंतर, एवढी रचना पुरते. अशा रचनेत कळा दाबणारा प्रोग्रॅम आला तर तो चांगल्या केंद्रचालकाचे काम हलके करील आणि वाईट केंद्रचालकाचा धंदा वाढवील. दोष मात्र रचनेचा असेल.

मग या तंत्रावर सरसकट बंदी घालावी का?

अजिबात नाही. बोटे नीट चालत नाहीत अशी व्यक्ती पडद्यावरच्या कळफलकावर टाइप करते, तेव्हा ती अक्षरेही प्रोग्रॅमनेच पाठवलेली असतात. आवाजी टायपिंगमध्ये बोललेले वाक्य असेच खिडकीत उतरते. दुरून संगणक दुरुस्त करणारा तंत्रज्ञ त्याच्या कीबोर्डवर टाइप करतो आणि अक्षरे आपल्या पडद्यावर येतात, तेही असेच. सरसकट बंदी म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

कायद्यातही यंत्राने कळ दाबणे हा गुन्हा नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ मध्ये प्रश्न विचारला जातो तो परवानगीचा. मालकाच्या किंवा जबाबदार व्यक्तीच्या परवानगीशिवाय, अप्रामाणिक हेतूने संगणक यंत्रणेत शिरलात तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तिकिटांसाठी रेल्वे कायद्याचे कलम १४३ आहे. ते ई-तिकिटांच्या बेकायदा व्यवसायालाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. दोन्ही ठिकाणी कळ कुणी दाबली हा मुद्दा नाही. अधिकार होता का, हा आहे.

खरा उपाय कोणता?

कळा दाबणारा प्रोग्रॅम जिथे लागतो, तिथे माहिती आत घेण्याचा सरळ दरवाजा ठेवलेला नसतो. माहिती एका संगणकात आहे आणि ती दुसऱ्या संगणकात हवी आहे. तरी मध्ये माणूस बसून ती वाचतो आणि पुन्हा टाइप करतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

दरवाजा ठेवणे अशक्य नाही. ज्या टॅलीसाठी लोक कळांचे मॅक्रो लिहितात, त्या टॅलीत एक्सएमएल फाइलमधून नोंदी आयात करता येतात. ती ९००० क्रमांकाच्या पोर्टवर दुसऱ्या प्रोग्रॅमशी थेट बोलूही शकते. त्या मार्गाने गेलेल्या नोंदीत चूक असेल तर टॅली ती नाकारते आणि कारण सांगते. कळांच्या मार्गात हे होत नाही. त्यामुळे टॅलीत कळा पाठवणारा प्रोग्रॅम लिहिण्यापूर्वी आयातीची सोय पाहणेच शहाणपणाचे.

जीएसटीचे उदाहरण तर सरकारचेच आहे. व्यापाऱ्याला विक्रीचे विवरणपत्र भरायला ऑफलाइन टूल मिळते. एक्सेलमधली बिले त्यात घ्यायची, फाइल तयार करायची आणि एकदाच अपलोड करायची. शेकडो बिलांसाठी कुणी पोर्टलवर टाइप करत बसत नाही. व्यापाऱ्याच्या कराचा आकडा सरकारला फाइलने चालतो, तर शेतकऱ्याच्या अर्जाची माहिती पुन्हा पुन्हा हाताने का लागते? कर वसूल करायचा असला की दरवाजा रुंद आणि मदत द्यायची असली की खिडकी अरुंद, असे चित्र दिसू नये.

फार्मर आयडी आला तेव्हा एकदा दिलेली माहिती सगळीकडे चालेल, ही अपेक्षा होती. ती पुरी करायची तर आयडी टाकताच नाव, गट क्रमांक आणि क्षेत्र अर्जात आपोआप यायला हवे. केंद्रचालकाने फक्त ते शेतकऱ्याला वाचून दाखवावे आणि होकार घ्यावा. तेवढे झाले तर कळा दाबणाऱ्या प्रोग्रॅमची गरजच उरणार नाही आणि ‘देशमुख’चे ‘मुख’ही होणार नाही.

तोवर वापरायचेच असेल तर काय पाळावे?

ही सोय येईपर्यंत लोक मॅक्रो वापरणारच. काही पथ्ये मात्र पाळायला हवीत.

• आधी दुसरा मार्ग शोधा. आयात, अपलोड किंवा एपीआयची सोय असेल तर कळांचा मार्ग नको.

• पहिल्या पाच ओळी डोळ्यांसमोर चालवा. थेट दोनशे ओळींना हात घालू नका.

• प्रत्येक नोंदीपूर्वी योग्य खिडकी पुढे आहे का, हे प्रोग्रॅमला तपासायला लावा. नसेल तर त्याने थांबावे, अंदाज बांधू नये.

• ठरावीक सेकंद थांबण्याऐवजी रकाना उघडेपर्यंत थांबण्याची सूचना द्या.

• मध्येच थांबवण्याची सोय ठेवा. पायऑटोजीयूआयमध्ये माऊस पडद्याच्या कोपऱ्यात नेला की काम थांबते.

• पासवर्ड, ओटीपी आणि आधार क्रमांक प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवू नका. ती फाइल कुणाच्याही पेनड्राइव्हमध्ये जाऊ शकते.

• अनोळखी पेनड्राइव्ह लावू नका. काही उपकरणे दिसायला पेनड्राइव्ह असतात, पण संगणकाला स्वतःची ओळख कीबोर्ड म्हणून देतात आणि लावताच घातक आज्ञा टाइप करू लागतात.

• काम झाल्यावर एकूण नोंदी आणि एकूण रक्कम मूळ यादीशी जुळवा. नावे मात्र माणसानेच वाचावीत.

शेवटचे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. प्रोग्रॅमने भरलेल्या अर्जावरही नाव केंद्रचालकाचेच लागते. ‘सॉफ्टवेअरने टाकले’ हे उत्तर रखडलेल्या विम्याच्या रकमेसाठी चकरा मारणाऱ्या माणसाला देता येत नाही.

थोडक्यात मत काय?

कळा दाबणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला दोन प्रश्न विचारावेत. हा वेळ कुणाचा वाचवतो? आणि पाळी कुणाची घेतो? पहिल्याचे उत्तर ‘रोज तेच टाइप करणाऱ्या ऑपरेटरचा’ आणि दुसऱ्याचे ‘कुणाचीच नाही’ असे असेल, तर त्या प्रोग्रॅमला दोष देऊ नये. उलट पोर्टल बनवणाऱ्यांनी तो तक्रार अर्ज समजून वाचावा, कारण त्यांनी कोणती सोय दिली नाही हे तो ओळीओळीने सांगतो. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात तत्काळच्या रांगेतला प्रवासी किंवा परीक्षेला बसलेला दुसरा उमेदवार येत असेल, तर तिथे आधार, ओटीपी आणि कायदा, तिन्ही कडक हवेत.

एआय एजंट आल्यावर हे तंत्र प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यांच्याही हातात जाईल. ‘ही यादी त्या पोर्टलवर भर’ एवढे सांगितले की काम सुरू होईल. कोडचे ज्ञान नसल्यामुळे आजवर जो अटकाव होता, तो संपेल. त्याआधी सरकारी पोर्टलांना फाइल अपलोडची सोय आणि खरी तपासणी या दोन्ही गोष्टी मिळायला हव्यात. नाहीतर उद्या एकीकडे एक यंत्र अर्ज भरील, दुसरीकडे दुसरे यंत्र ते नाकारील, आणि नाव चुकले म्हणून तहसीलच्या पायऱ्या चढायला मात्र माणूसच लागेल.